कामगार कायदे आणि बाईची मजुरी

या व्याख्यानमालेसाठी आम्ही विषय कळविला तेव्हा चालकांपैकी एकांनी आम्हांला सरळच विचारले, "भाऊ, सावलीत ना कापडगिरणी, ना कोळशाची खाण. धानाच्या बांध्या आणि तेंदूपाने यांवर जगणाऱ्या गावाला कामगार कायद्यांचा इतिहास कशाला?" प्रश्न रास्त होता. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपुढे गेले नाही. कायदा आम्ही कामगार न्यायालयाच्या बाहेरच्या बाकावर बसून आणि वाचनालयातले जुने अहवाल चाळून शिकलो, त्यामुळे विद्वत्तेचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. पण एक उत्तर होते, आणि ते खुद्द सावलीचेच आहे. तेथूनच आरंभ करतो.

१९३६ सालच्या फेब्रुवारीअखेर गांधी सेवा संघाचे अधिवेशन या गावी भरले. गांधीजी त्यासाठी येथे येऊन राहिले होते. सावली निवडली गेली ती येथे चरखा संघाचे खादीकेंद्र होते म्हणून. सूत कातणाऱ्या बायका आणि कापड विणणारे पुरुष अशी त्या कामाची वाटणी होती. त्याच्या आधी चारच महिने, ऑक्टोबर १९३५ मध्ये, वर्ध्याला चरखा संघाने एक ठराव केला होता. कातणारणीला आठ तासांच्या कामाबद्दल निदान इतके मिळावे, की त्यात शास्त्राने ठरविलेले पुरेसे अन्न आणि वर्षाला वीस वार कापड भागेल. त्याआधी दिवसभर चरखा चालवून एखादा आणा हाती पडत असे. गांधीजींच्या मनात तासाला एक आणा, म्हणजे दिवसाला आठ आणे, अशी मजुरी होती. महाराष्ट्र शाखेने तीन आण्यांचा दर धरला.

तीन आणे म्हणजे आधीच्या तिप्पट, आनंदाचीच गोष्ट. पण लगेच शंका निघाली. मजुरी वाढली म्हणजे खादी महागणार, महागली म्हणजे खप घटणार, आणि खप घटला म्हणजे काही बायकांचे चरखे थांबणार. गांधीजींनी ती शंका उडवून लावली नाही. कमी बायकांना काम मिळाले तरी चालेल, पण ज्यांना मिळेल त्यांना पोटभर मिळावे, असा त्यांचा कल होता. विणकरापुढे हा पेच तेवढा बिकट नव्हता. चरखा संघाचा दर परवडला नाही तर गिरणीचे सूत आणून तो बाजारासाठी विणू शकत होता. कातणारणीला दुसरे गिऱ्हाईकच नव्हते. एकाच कापडात दोघांचे श्रम, पण संरक्षणाचा प्रश्न उभा राहताच दोघांची स्थिती किती वेगळी झाली ते पाहा. हा काही सरकारचा कायदा नव्हता, एका संस्थेचा नियम होता आणि तो सद्भावनेने केलेला होता. तरीही पुढे सांगावयाच्या साऱ्या गोष्टीचे बी त्यात आहे. बाईला संरक्षण दिले, की त्याची किंमत कोणीतरी मोजावी लागते. ती कोणी मोजावयाची हे नीट ठरविले नाही, तर फिरून फिरून ती त्या बाईच्याच पदरी येते.

आता मुंबईकडे वळू. गिरणी कामगारांचे पहिले पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये सभा भरवून गाऱ्हाणी मांडली आणि १८९० मध्ये रविवारची सुटी मिळविली, हे आपण जाणतोच. १८९१ चा फॅक्टरी कायदा त्याच सुमाराचा. त्या कायद्याने बाईचा कामाचा दिवस अकरा तासांचा केला आणि मध्ये दीड तासाची विश्रांती दिली. प्रौढ पुरुषाच्या तासांना मात्र मर्यादा नव्हती. कापडगिरण्यांतील पुरुषाला बारा तासांची मर्यादा मिळाली ती १९११ साली, म्हणजे मध्ये वीस वर्षे गेली. बाईला संरक्षण आधी मिळाले असे दिसते, आणि मिळालेही. पण त्या काळी बायका बहुतेक रिळांच्या आणि वाइंडिंगच्या खात्यांत, नाइकिणीच्या हाताखाली, नगावर काम करीत. घरचे आटोपून उशिरा येत, लवकर जात. त्यामुळे अकरा तासांच्या मर्यादेने ना त्यांचे फारसे हित झाले ना अहित.

खरी गोष्ट घडली ती रात्रीच्या बंदीने. १९११ च्या कायद्याने बाईला रात्री गिरणीत ठेवण्यास मनाई पक्की झाली. त्या वेळी मुंबईच्या गिरण्या मुख्यतः दिवसाच चालत, म्हणून कोणाला काही वाटले नाही. पुढे १९३० नंतर गिरण्यांत दुसरी पाळी आली, महायुद्धात तिसरी आली. त्याच यंत्रांवर दीडपट-दुप्पट माणसे लागू लागली, आणि ही नवी भरती, जी पाळ्यांबरोबर फिरू शकेल अशी, सगळी पुरुषांची झाली. ज्या वेळी धंदा वाढत होता नेमक्या त्याच वेळी बाईला दारात थांबावे लागले. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत पाचांत एक बाई असे. १९७० च्या दशकात शंभरात पाचही उरल्या नाहीत.

येथे थोडे थांबून न्याय केला पाहिजे. हे सारे कायद्यानेच झाले असे म्हणणारा एक वर्ग आहे. तो बहुधा मालकांच्या बाजूने बोलतो आणि त्याला कायदेच नको असतात. आमचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. वाइंडिंगची वेगवान यंत्रे आली, एका बाईकडे दुप्पट चात्या आल्या, रीळखाते जवळजवळ बंद पडले, ही कारणे कायद्याइतकीच मोठी आहेत. शिवाय जेथे कोणताही कायदा पोचला नाही तेथे तरी बाईला पुरुषाइतकी मजुरी मिळते काय? आपल्याच तालुक्यात रोवणीच्या दिवसांत बांधीवर जाऊन पाहावे. कंबर मोडून रोवणारी बाई आणि पेंढ्या फेकणारा गडी यांच्या हातावर पडणारे पैसे मोजावेत, म्हणजे उत्तर मिळेल. कायदा नसणे हे औषध नव्हे. पण कायद्याची मांडणी कशी, ही गोष्ट मात्र औषध आणि अपाय यांत फरक करते.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते बाळंतपणाच्या कायद्यात, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर सांगतो. ना. म. जोशी यांनी १९२४ साली केंद्रीय विधिमंडळात असे विधेयक आणले होते. ते टिकले नाही. मग मुंबई कौन्सिलात रामचंद्र संतुराम आसवले यांनी आपले विधेयक मांडले, आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात भारतातला पहिला प्रसूती लाभ कायदा अस्तित्वात आला. बाळंतपणाआधी तीन आठवडे आणि नंतर चार आठवडे, दिवसाला आठ आणे. सगळा हिशेब केला तर जास्तीत जास्त साडेचोवीस रुपये. पुढच्याच वर्षी आपल्या मध्यप्रांतातही अशाच धर्तीचा कायदा झाला. त्या काळच्या गिरणीतल्या बाईला साडेचोवीस रुपये म्हणजे महिन्याच्या मिळकतीपेक्षा अधिक होते, आणि उसनवारीवाचून बाळंतपण निभावण्याची ती पहिलीच संधी होती.

या विधेयकावर २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कौन्सिलात जे भाषण केले ते आम्ही अनेकदा वाचले आहे. विधेयकाला त्यांचा पूर्ण पाठिंबा होता. मालकपक्षाचे म्हणणे असे, की हा बोजा आमच्यावर कशाला? बाबासाहेबांनी त्यावर दोन गोष्टी मांडल्या. एक अशी, की मालक बाईला कामावर ठेवतो तो पुरुषापेक्षा तिच्यापासून त्याला अधिक फायदा होतो म्हणून. तेव्हा काही भार त्याने उचलणे न्यायाचेच आहे. दुसरी अशी, की मातेचे हित हे साऱ्या राष्ट्राचे हित असल्यामुळे या खर्चाचा मोठा वाटा वस्तुतः सरकारने सोसला पाहिजे. सभागृहाने पहिली गोष्ट उचलली आणि दुसरी सोडून दिली. सगळा खर्च मालकाच्या माथी पडला, तोही ज्या मालकाकडे ती बाई होती त्या एकट्याच्या माथी.

परिणाम काय झाला? ज्या गिरणीत बायका अधिक तिला खर्च अधिक, ज्या गिरणीत बाई नाही तिला खर्च शून्य. मुकादमाला आणि नाइकिणीला हे गणित शिकविण्याची गरज पडली नाही. पोट दिसू लागले की काही ना काही निमित्ताने नाव कमी करावयाचे, भरती करताना विधवा किंवा वय झालेली बाई पाहावयाची, असे प्रकार सुरू झाले. महायुद्धाच्या अखेरीस सरकारने नेमलेल्या रेगे समितीने देशभरच्या धंद्यांची पाहणी केली, तेव्हा विवाहित बायकांना घेण्याबद्दलची मालकांची ही नाखुशी तिच्याही नजरेस आली.

असाच प्रकार पाळणाघराचा. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासाहून अधिक बायका असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ साली ती संख्या तीसवर आणली. आम्ही या जिल्ह्यातले आणि बाहेरचे कितीतरी हजेरीपट पाहिले आहेत. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, येथपर्यंत बायकांची संख्या चढते आणि तेथे अशी काही थबकते, की जणू एकतिसावी बाई या जगात जन्मलीच नाही. कायदा करणाऱ्याने बायका मोजल्या, म्हणून मालकही बायकाच मोजू लागला. दक्षिण अमेरिकेतील चिली देशातही असाच कायदा होता. वीस बायका झाल्या की पाळणाघराचा खर्च मालकाने द्यावा. तेथल्या अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब काढला तेव्हा आढळले, की अशा ठिकाणी नव्याने लागणाऱ्या बायकांना सुरुवातीचा पगारच कमी दिला जात होता. पाळणाघराचे पैसे शेवटी त्यांच्याच पगारातून निघत होते. आपल्याकडे २०१७ साली प्रसूतीची रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस झाली, आणि पाळणाघरासाठी पन्नास माणसे मोजावीत, ती बाई असोत की पुरुष, असे ठरले. हा दुसरा बदल वर्तमानपत्रांत फारसा गाजला नाही, पण आमच्या मते तो पहिल्याहून शहाणपणाचा आहे. रजेचा पगार मात्र, जेथे कामगार राज्य विमा योजना नाही तेथे, अजून त्या एकाच मालकाच्या खिशातून जातो. त्यातल्या सात आठवड्यांचा भार सरकारने उचलावा असे २०१८ मध्ये सरकारनेच बोलून दाखविले होते. म्हणजे नव्वद वर्षांनी गोष्ट पुन्हा बाबासाहेबांच्या दुसऱ्या मुद्द्याशी येऊन पोचली.

आता आपल्याच जिल्ह्याचा विचार करू. वरोऱ्याची सरकारी कोळसाखाण १९०६ साली बंद पडली आणि त्याच सुमारास बल्लारपूरची सुरू झाली. मध्यप्रांतातल्या खाणींत, बंगाल-बिहारप्रमाणेच, बायका जमिनीखाली उतरत. नवरा कोळसा तोडी, बायको टोपलीने तो टबापर्यंत वाहून नेई, आणि मजुरी टबामागे दोघांची मिळून येई. १९२९ पासून सरकारने बायकांचे हे प्रमाण वर्षावर्षाने उतरवीत नेले आणि १९३७ साली ते पुरते बंद केले. खालची हवा, अंधार, छत कोसळण्याचे भय हे सारे खरे होते, आणि बंदी घालणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण घरचा हिशेब असा झाला, की बायकोच्या जागी दुसरा माणूस घ्यावा लागला आणि टबाचे अर्धे पैसे परक्याच्या घरी गेले. बाई वर आली, तर वरची कामे थोडी आणि त्यांची मजुरी हलकी. धोका पुरुषाला नव्हता काय? छत पडताना ते बाई-पुरुष पाहत नाही. त्याच्यासाठी खाण सुरक्षित करावयाची आणि तिच्यासाठी खाण बंद करावयाची, असे दोन न्याय झाले.

पुढे महायुद्धात कोळशाचा तुटवडा पडला. तेव्हा १९४३ च्या ऑगस्टमध्ये, सर्वांत आधी आपल्या मध्यप्रांतात आणि मग बंगाल-बिहारमध्ये, ही बंदी उठविण्यात आली. मजूर खाते त्या वेळी बाबासाहेबांकडेच होते. फेब्रुवारी १९४४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात या निर्णयावर टीकेचा भडिमार झाला. स्त्रियांच्या संघटनांचाही त्यास विरोध होता. उत्तर देताना बाबासाहेबांनी अडचण लपविली नाही. हा निर्णय निकडीचा आहे हे त्यांनी मान्य केले आणि एका गोष्टीकडे लक्ष वेधले. खाली उतरणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, आणि समान कामाला समान दाम हे तत्त्व एखाद्या धंद्यात बहुधा प्रथमच स्थापन होत आहे. आम्ही ही चर्चा पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. ज्या कामावरून बाईला तिच्याच भल्यासाठी हटविले होते, तेच काम पुन्हा तिच्या हाती देताना समान मजुरीचा नियम आला. आणि १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू होताच तो नियम ज्यांच्यासाठी होता त्या बायकाच खाणीखाली उरल्या नाहीत.

१९५२ च्या खाण कायद्याने ही बंदी कायम केली. १९७३ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. घुग्घुस, बल्लारपूर, माजरीकडच्या कामगारांना मोठे संरक्षण मिळाले. वेतनकरार, ग्रॅच्युइटी, वैद्यकीय सोय, वारसाला नोकरी. आमच्या पिढीने खाणीतली नोकरी म्हणजे घराचा उद्धार हे डोळ्यांनी पाहिले आहे. पण त्यात बाईची जागा काय राहिली? कोळसा कंपन्यांत अशी योजना निघाली, की बाईने स्वेच्छेने निवृत्ती घ्यावी आणि तिच्या जागी मुलाने लागावे. कित्येक मातांनी आनंदाने घेतली. घराचे उत्पन्न बुडाले नाही, वाढलेही असेल. फक्त हजेरीपटावरचे बाईचे नाव जाऊन तेथे पुरुषाचे नाव आले, आणि ते पुन्हा बाईकडे परत येण्याची वाट राहिली नाही. आज कोळशाच्या धंद्यात दहांमागे एकही बाई नाही.

येथवर दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या. आता आमची सांगतो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी या भागातल्या एका राइस मिलमध्ये आम्ही संघटना बांधली. नाव सांगत नाही. साठेक माणसे होती. हमाल, बॉयलरवाला, यंत्रावरचे गडी हे पुरुष. उसन्या तांदळाचे धान पटांगणात पसरणे, पायांनी उलथणे, पाऊस आला की धावत गोळा करणे, पाखडणे हे बायकांचे काम. सगळेच रोजंदारीवर. आम्ही कायद्याचे पुस्तक उघडले. वर्षात २४० दिवस भरले की नोकरी सलग धरली जाते. तिला नोटिशीशिवाय आणि भरपाईशिवाय हात लावता येत नाही. पन्नास किंवा अधिक माणसांच्या ठिकाणी आदर्श स्थायी आदेशांप्रमाणे २४० दिवसांचा कामगार कायम करावा लागत असे. आम्ही संप केला, सतरा दिवस चालविला, आणि करार झाला. करारात कलम होते, "ज्यांचे २४० दिवस भरले आहेत अशा सर्वांना कायम करावे." आम्हांला वाटले, यात बाई-पुरुष असा भेद कोठे आहे?

भेद कागदावर नव्हता, हजेरीपटात होता. पुरुषांचे दिवस भरले होते. बायकांपैकी एकीचेही भरले नव्हते. पावसाळ्यात पटांगण बंद, म्हणून नावे बंद. रोवणीला त्या शेतावर जात, म्हणून खाडे. जी बाळंत झाली तिला "बरी झालीस की ये" असे तोंडी सांगितलेले, आणि परत आली तेव्हा नवीन नाव म्हणून घातलेले. कायदा तर तेव्हा म्हणत होता, की प्रसूतीच्या रजेचे बारा आठवडे २४० दिवसांत धरावेत. पण रजा दिली असेल तर धरावयाचे ना? तिला रजा कधी दिलीच नव्हती, तिचे नावच कापले होते. आमच्या शिष्टमंडळात सात माणसे होती, सातही पुरुष. मालकाने म्हटले, बायकांचे नंतर पाहू. आम्ही "बरे" म्हटले, कारण संपाला सतरा दिवस झाले होते आणि पुरुष घाईला आले होते. वर्षभरात मिलने पटांगणाचे काम ठेकेदाराला दिले. आता बायका मिलच्या कामगारच राहिल्या नाहीत.

आठ-दहा वर्षांनी हिशेब मांडून पाहिला. रोजाचा दर त्या बायकांचा आणि पुरुषांचा अगदी दूर नव्हता, किमान वेतनाचे निरीक्षक येऊन गेले होते. फरक पडला तो आयुष्याच्या हिशेबात. कायम झालेल्या पुरुषाला वर्षाची वाढ, भविष्यनिर्वाह निधी, आणि सुटताना दरवर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराप्रमाणे ग्रॅच्युइटी. बाईला त्यातले काहीच नाही, कारण ग्रॅच्युइटीला पाच वर्षे सलग लागतात आणि तिची पाच वर्षे पाच ठिकाणी तुटलेली. आमच्या करारामुळे पुरुषांची मिळकत वाढली, आणि त्याच करारामुळे दोघांतले अंतर पूर्वीपेक्षा रुंद झाले. आम्ही त्या वेळी विजयाची मिरवणूक काढली होती. बायका त्या मिरवणुकीत पुढे होत्या.

संघटनेने केलेला करार बाईच्या विरुद्ध जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने आमच्याही आधी सांगून ठेवले होते, पण ते आम्ही उशिरा वाचले. १९७६ च्या समान वेतन कायद्यानंतर मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतील स्टेनोग्राफर ऑड्रे डिकॉस्टा यांनी दावा केला, की पुरुष स्टेनोपेक्षा आम्हांला कमी पगार का? कंपनीने अनेक बचाव केले. त्यांपैकी एक असा, की हे दर संघटनेशी झालेल्या करारानुसार आहेत. १९८७ साली न्यायालयाने तो बचाव फेटाळला. करार झाला म्हणून कमी पगार न्याय्य ठरत नाही, असा त्याचा अर्थ. तो कायदा पुढे २०१९ च्या वेतन संहितेत सामावून घेतला गेला. पण त्याची एक मर्यादा लक्षात ठेवावी. एकाच मालकाकडे समान काम करणारा पुरुष असेल तरच तुलना होते. मिलच्या पटांगणात धान उलथणारा पुरुष कोठे आहे, की त्याच्याशी बाईची तुलना करावी?

मग याला वाट आहे की नाही? एक वाट या राज्याने स्वतःच काढली होती. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मोजून दाम, खणलेल्या मातीच्या मापावर, बाई-पुरुष भेद नाही. कामावर मुले सांभाळण्याची सोय. पण आम्हांला महत्त्वाचे वाटते ते याहून वेगळे आहे. बाईला कामावर घेतल्याने कोणा एका मालकाला तोटा होत नव्हता. पैसा येई तो १९७५ च्या व्यवसायकरातून आणि सरकारी तिजोरीतून, म्हणजे मुंबईतल्या पगारदाराच्या पगारातून कापलेले चार पैसे दुष्काळी गावातल्या तळ्याच्या पाळीवर पोचत. तेथे बाईला टाळण्यात कोणाचाच फायदा नव्हता, म्हणून तिला कोणी टाळले नाही. त्या कामांवर बायकांची संख्या पुरुषांच्या बरोबरीला येऊन ठेपे. मुकादमाने नवऱ्याच्या नावावर बायकोचे माप लिहिणे वगैरे भानगडी होत्याच, त्या आम्ही स्वतः भांडून सोडविल्या आहेत. १९८८ साली मजुरीचा दर एकदम दुपटीवर गेला, तेव्हा कामे आखडू लागली आणि मागेल त्याला काम मिळेना, हेही अभ्यासकांनी दाखविले आहे. म्हणजे १९३५ सालच्या चरखा संघाचीच शंका पुन्हा उभी राहिली. पण या वेळी झळ बसली ती दोघांनाही सारखी.

खाणीची बंदीही आता सैल झाली आहे. जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने बाईला, तिच्या लेखी संमतीने आणि पाळीत निदान तिघी असतील तर, जमिनीखाली जाण्याची मुभा दिली. मात्र ती तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या जागांसाठी होती. इंजिनिअर मुलगी आता खाली उतरू शकते. टोपली वाहणाऱ्या बाईच्या नातीला ती पदवी मिळाली असेल तर ती उतरेल.

मागील उन्हाळ्यात आम्ही त्या राइस मिलच्या गावी गेलो होतो. पटांगण ओस आहे, धान आता यंत्राने वाळते. आमच्या करारातले बहुतेक पुरुष हिशेब घेऊन निवृत्त झाले. त्या पटांगणावर काम केलेली एक म्हातारी भेटली. तिने ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला कागद काढला. संपाच्या वर्षीची संघटनेच्या वर्गणीची पावती होती, खाली आमची सही. तिने विचारले, "भाऊ, ह्या पावतीवर काही भेटते का जी?"

नाही, असे आम्ही तिला सांगितले.